हिरव्या बांगडीची एरियल

शुभाकाकूंच्या घरामागच्या मेपलची वटपौर्णिमा झाली तेव्हा मी ॲन आर्बरला होते, लेकीच्या कॉलेजच्या ओरिएंटेशनला. मी इथे असते तर पुढचं रामायण झालंच नसतं. परत आल्यावर सावनी चहाला आली आणि म्हणाली, "आश्लेषा, यू मिस्ड इट. दरवर्षी वडाच्या प्रिंटआउटवर भागवतो ना आपण, यंदा खरं झाड मिळालं. शुभाकाकूंनी आधीच सूत गुंडाळून ठेवलं होतं, हिरवी बांगडीसुद्धा वाहिली होती. मग आम्ही सगळ्या तिकडेच गेलो. इतकं छान वाटलं."

मी कप खाली ठेवला. त्या झाडाला सूत मीच बांधलं होतं, स्टुलावर चढून, काकू खालून ओरडत असताना. आणि ते व्रत नव्हतं. ती रेडिओची एरियल होती.

शुभाकाकूंचं घर आमच्या ओळीतलं शेवटचं. वेस्ट विंडसरच्या या कॉम्प्लेक्समध्ये बहुतेक सगळे आमच्यासारखे, पुण्या-नागपूरहून आलेले, सकाळी प्रिन्स्टन जंक्शनची गाडी पकडणारे नाहीतर घरातूनच लॅपटॉपला डोकं लावून बसणारे. काकू आमच्या कितीतरी आधी आलेल्या. त्यांचे यजमान, मोरेश्वरकाका, औषधांच्या कंपनीत संशोधक होते. काकू शाळेच्या कॅफेटेरियात पोरांना जेवण वाढायच्या, तिथूनच रिटायर झाल्या. काका गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा ईशान सिॲटलला. काकू एकट्या राहतात, गाडी चालवतात, थंडीत स्वतः बर्फ ओढतात, आणि कुणी "काकू, मी करू का" म्हटलं की फावडं अजून घट्ट धरतात. जिभेला हाड नाही. माझ्याही नाही, म्हणून आमचं जमतं.

रेडिओची हकीकत त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितली. "मिरजेला आमच्याकडे रेडिओ होता. उंच फळीवर. वर विणलेला रुमाल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल टांगलेली. ती जाळी झटकायचं काम माझं, आणि रेडिओचा कान पिळायचं काम वडिलांचं. ते गेल्यावर भावाचं. मी हात लावला की, बिघडवशील. लग्न करून इथे आले तर ह्यांच्याकडे ट्रान्झिस्टर. म्हटलं चला, आता तरी. तर हे काय म्हणायचे माहितीये? शुभा, स्टेशन लागलंय, हलवू नकोस. जन्म गेला बघ माझा. लागलंय, हलवू नकोस."

काका गेल्यावर त्यांचा ट्रान्झिस्टर निघाला तो सेल गळून सडलेला. काकूंनी तो टाकला आणि स्वतःसाठी नवा घेतला, डब्याएवढा, शॉर्टवेव्हचा. त्याला फिरवायचं मोठं बटण आहे. घेताना दुकानातल्या मुलाला त्यांनी म्हणे एकच विचारलं होतं, की बटण हाताला घट्ट लागतं की सैल.

पण घरात रेडिओ लावला की नुसती खरखर. आजकाल घरातला एकेक चार्जर, एकेक दिवा, वायफायचा डबा, सगळे आपापलं गुरगुरत असतात, आणि रेडिओची दांडी ती गुरगुर गोळा करत बसते. लांबच्या देशातला आवाज बिचारा त्यात बुडून जातो. उपाय साधा आहे. एक बारीक वायर घ्यायची, एक टोक चिमट्याने रेडिओच्या दांडीला लावायचं आणि दुसरं टोक घरापासून होईल तितकं लांब आणि उंच न्यायचं. काकूंनी आधी पडद्याच्या दांडीवर करून पाहिलं, मग घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर. शेवटी नजर गेली मेपलवर. झाडात खिळा ठोकायला बंदी, नायलॉनने साल कापते, म्हणून आयसेलिनच्या पूजेच्या सामानाच्या दुकानातून सुताची गुंडी आणली. आणि वायर थेट ओल्या झाडाला टेकवायची नाही, मध्ये काच नाहीतर चिनीमाती हवी, म्हणून कपाटातला डबा उघडला आणि एक हिरवी काचेची बांगडी काढली.

मी जरा थबकले. त्या बांगड्या काकांच्या मागे राहिलेल्या होत्या, हे मला माहीत होतं.

"फोडायला इथे कुणी होतं का?" काकू म्हणाल्या. "म्हणून राहिल्या डब्यात. काच चांगली आहे, वाया कशाला घालवू. चढ वर."

त्या संध्याकाळी चिमटा लावल्याबरोबर खरखर मागे सरली आणि एक माणूस अगदी कानाशी आल्यासारखा स्पॅनिशमध्ये बोलायला लागला. काकूंनी त्याला पुरतं वाक्यही बोलू दिलं नाही. बटण फिरवलं. मग कुणाचं तरी प्रवचन. फिरवलं. मग तंतुवाद्य, मग कुठल्याशा भाषेतल्या बातम्या, मग हिंदीची दोन वाक्यं, आणि ती बुडाली. हिंदीवर तरी थांबतील असं मला वाटलं होतं. छे. बाई बटण फिरवतच राहिल्या.

ईशानला हे वेड वाटतं. फोनवर म्हणतो, "आई, जस्ट आस्क द स्पीकर. एनी स्टेशन इन द वर्ल्ड." काकूंचं उत्तर ठरलेलं. "त्यात मागितलेलं येतं रे. मला काय हवंय तेच माहीत नाही, म्हणून तर फिरवतेय."

तर अशा या एरियलची आमच्या बायांनी नऊवारी नेसून पूजा केली. काकू तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आल्या तर बुंध्याला सुताचे वेढेच वेढे, हळदीकुंकू, खाली आंबे. मी ॲन आर्बरहून आल्यावर सांगितलं की सावनीला खरं काय ते मी कळवलंय, तर खो खो हसल्या. "राहू दे गं. सुताने सिग्नलला काही होत नाही. आणि आंबे गोड निघाले."

हसल्या नाहीत त्या सरलामावशी. सावनीची सासू. नाशिकच्या, वर्षातले सहा महिने इथे असतात. त्याही एकट्याच, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, हातात फक्त सोन्याची एकेक बांगडी. आमचा एरियलचा खुलासा त्यांनी कानाआडच केला. पार्कवर बाकावर बसून ज्याला त्याला सांगत सुटल्या, "विधवा बाईने वटपौर्णिमा करायची, हिरवी बांगडी वाहायची, काय काळ आलाय." मला अस्सा संताप आला. पण त्यांचंही मला थोडं कळतं. दिवसभर त्या घरात एकट्या. संध्याकाळी टीव्हीचा रिमोट नातवाकडे, कुशकडे. सकाळी श्रीरंग, म्हणजे त्यांचा मुलगा, फोनवर भजनं लावून देतो आणि सांगतो, "आई, लागलंय, आता कशाला हात लावू नको, हँग होतं." मग तीच भजनं संध्याकाळपर्यंत.

आणि मग एचओएची नोटीस आली. एचओए म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटी, फक्त गवताची उंचीसुद्धा मोजणारी. इतके दिवस बारीक वायर कुणाच्या नजरेला आली नव्हती. सुताचे वेढे मात्र लांबूनही दिसत होते. झाड सामाईक जागेत आहे, त्याला बांधलेलं सगळं उतरवा, नाहीतर आम्ही माणूस पाठवून उतरवू. नोटीस फक्त काकूंच्या दारावर, कारण झाड त्यांच्या मागे. करून गेल्या इतर, आणि निस्तरायला काकू. मी सावनीला फोन करून चार शब्द सुनावले. ती रडकुंडीला आली आणि तिने श्रीरंगला कामाला लावलं.

श्रीरंग कमिटीत आहे. हुशार मुलगा, वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे वर्कअराउंड असतो. तो काकूंच्या डायनिंग टेबलाशी येऊन बसला. मी होतेच तिथे.

"काकू, सॉर्ट झालंय ऑलमोस्ट," तो म्हणाला. "वकिलाने कमिटीला सांगितलंय की धार्मिक गोष्ट असेल तर हात लावू नका, उगाच केस होईल. म्हणजे धागे राहतील. आता वायर धाग्यांमध्येच आहे, बांगडीपण आहे. तुम्ही मीटिंगमध्ये एवढंच म्हणायचं की हे सगळं आमचं धार्मिक आहे. कुणी वेगळं काढून बघणार नाही. दे डोंट नो, यार. तुमचा रेडिओ सेफ."

"म्हणजे मी वटपौर्णिमा करते म्हणून सांगायचं."

"सांगायचंसुद्धा नाही. चेअरमनबाई विचारतील, इज इट रिलिजस, तुम्ही मान हलवायची."

काकूंनी त्याच्यापुढे लाडवाची वाटी सरकवली. "श्रीरंग, ते व्रत कशासाठी करतात?"

"सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून."

"माणूस वाईट नव्हता हो. पण या एका जन्मात त्याने मला रेडिओला हात लावू दिला नाही. अजून सहा मागून घेऊ? आणि तेही रेडिओ वाचवायला?"

श्रीरंग हसला. काकू हसल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, मी पण श्रीरंगचीच री ओढली. म्हटलं, "काकू, एक मान हलवली तर काय बिघडतंय, एरियल राहील. एरियल गेली तर पुन्हा खरखर ऐकत बसावं लागेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लाडू तोंडात घातला.

मीटिंग क्लबहाउसमध्ये होती. सगळ्या जणी आल्या, सरलामावशीही आल्या, मागच्या खुर्चीवर पदर घट्ट घेऊन बसल्या. चेअरमनबाई गोऱ्या, वयस्क, बोलायला मऊ. त्यांनी झाडाचा फोटो पडद्यावर दाखवला आणि काकूंना अगदी अदबीने विचारलं, हा आपल्या धर्माचा भाग आहे का. श्रीरंगने काकूंकडे बघून जराशी मान हलवून दाखवली, लहान मुलाला दाखवतात तशी.

काकू उभ्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी कॅफेटेरियातलं आहे, आखूड आणि खणखणीत. म्हणाल्या, "धागे या मुलींचे आहेत. ते देवाचे आहेत, ते राहू द्या. त्यांच्यात जी वायर आहे ती माझी आहे. तिच्यात देव नाही. ती अँटेना आहे. मी रेडिओ ऐकते. कुणाच्या खिडकीत डोकावत नाही, कुणाला आवाज येत नाही. तीही राहायला हवी, आणि खरं कारण सांगून राहायला हवी."

 चेअरमनबाईंचा चेहरा खरंच पडला. त्यांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने कागदाकडे. मग मतं घेतली. धागे राहिले. वायर उतरवायची ठरली. खांब, दोरी, काठी, सामाईक झाड, काहीही वापरून पुन्हा लावायची नाही.

पार्किंगमध्ये श्रीरंग चिडून बोलला. "काकू, फक्त मान हलवायची होती तुम्हाला. तेवढंच."

"तेवढंच केलंय रे मी आयुष्यभर," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

वायर उतरवायला त्यांनी कमिटीच्या माणसाची वाट पाहिली नाही. मलाच बोलावलं. मी स्टुलावर चढून बायांच्या धाग्यांमधून ती एकेक वेढा सोडवत होते. ज्या सुताने भानगड केली ते राहणार, आणि जी कुणाच्या अध्यात ना मध्यात ती वायर जाणार. खाली उतरून मी तोंडाला येईल ते बोलले, इंग्रजी, मराठी, नागपुरी सगळं. काकू बांगडी पदराने पुसत होत्या.

"झालं तुझं बोलून?" त्या म्हणाल्या. "जरा साबण आण आतून."

साबण लावून, हात आवळून, त्यांनी ती हिरवी बांगडी मनगटात चढवली. इतक्या वर्षांनी. हाड सुजलेलं, बांगडी जेमतेम गेली. मग वायरचं टोक बांगडीला अडकवलं आणि आपल्या घरामागच्या गवताच्या तुकड्याच्या टोकाला जाऊन, घराकडे तोंड करून, हात वर धरून उभ्या राहिल्या.

"झाड कॉलनीचं," त्या म्हणाल्या. "हात माझा आहे."

आत ओट्याजवळच्या खिडकीत ठेवलेला रेडिओ बोलायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून हे रोजचं झालं. उन्हाळा, आठ वाजून गेले तरी उजेड असतो. काकू जेवण उरकून बाहेर येऊन उभ्या राहायच्या. कमिटीचा माणूस आला, फोनवर फोटो काढला, नियमावली उघडून पाहिली. तिच्यात खांब होता, दोरी होती, झेंडा होता, पक्ष्यांचं घरटंही होतं. हात वर करून उभी राहिलेली बाई नव्हती. तो गेला. मला इतका आनंद झाला की मी काकूंसाठी शिरा केला.

पण एक गोम होती, आणि ती काकूंना पहिल्याच दिवशी कळली होती. त्यांनी बोलून दाखवली नाही, मीच ओळखली. वायर लांब धरायची तर रेडिओपासून लांब उभं राहावं लागतं. म्हणजे रेडिओ ऐकू येतो, पण बटण हाताला येत नाही. जे स्टेशन लागलंय तेच. मी जमेल तेव्हा जाऊन वायर धरायचे, पण माझे कॉल्स नेमके संध्याकाळी. ज्या दिवशी मी नसायचे त्या दिवशी काकू लागलेलं तेच ऐकत उभ्या राहायच्या. काय काय करून जे मिळवलं होतं, ते समोर खिडकीत दिसत होतं आणि हातात नव्हतं. तरी आत जाऊन बसल्या नाहीत.

सरलामावशी आपल्या डेकवरून हे बघत होत्या. एका संध्याकाळी मी माझ्या मागच्या दारात फोनवर होते तेव्हा त्या पायऱ्या उतरून, गवत ओलांडून आल्या. मी फोन म्यूट केला. म्हटलं, आज जुंपणार.

"शुभाताई," सरलामावशी म्हणाल्या, "लोक हसतात हो तुम्हाला."

"हसू देत."

"हात दुखत असेल."

"दुखतो."

मावशी रेडिओच्या उघड्या खिडकीपाशी घोटाळल्या. मीटिंगमध्ये काकूंनी धाग्यांची बाजू घेतली होती, ते त्यांच्या मनात असावं. काहीतरी पुटपुटल्या, मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात रेडिओवर चाललेलं गाणं घसरलं, बुडायला लागलं, नुसती खरखर झाली.

"सरलाताई," काकू लांबून म्हणाल्या, "जरा कान पिळा त्याचा."

"मी?" मावशींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "छे छे. मला नाही येत त्यातलं. बिघडेल."

"बिघडू दे. माझा आहे."

"श्रीरंगला हाक मारू का?"

"श्रीरंगला कशाला? तुम्ही फिरवा."

मावशींनी एक बोट पुढे केलं, तापलेल्या तव्याला लावावं तसं. मग दोन बोटांनी बटण धरलं आणि फिरवलं. खरखर, शिट्टी, मग एक बाई कुठल्याशा भाषेत हसली आणि बोलायला लागली. मावशी दचकल्या. काकूंकडे बघून म्हणाल्या, "काय म्हणतेय?"

"कुणाला ठाऊक."

"ठेवू का हे?"

"मला कशाला विचारता? बटण तुमच्या हातात आहे."

मावशींनी पुन्हा बटण धरलं. मग त्यांनी ती बाई घालवली. पुढे ढोल लागले, ते घालवले. कुणीतरी खोल आवाजात काहीतरी वाचत होतं, तेही घालवलं. पदर खांद्यावरून घसरला तो त्यांनी सावरला नाही. मी तिकडे फोनवर ऑफिसची मीटिंग चालू असताना दारात उभी राहून हे बघत होते आणि मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज नाही.

अंधारायला लागलं तसा डेकवर दिवा लागला आणि श्रीरंग बाहेर आला. "आई, तिकडे काय करतेस? चल जेवायला."

"येते. स्टेशन बघतेय."

"लागलंय की एक छान. ऐकू येतंय मला इथे."

सरलामावशींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुला छान वाटलं ना? मग तू ऐक," त्या म्हणाल्या आणि बटण फिरवलं.

गवताच्या टोकाला काकूंनी हात आवळून, जोर लावून बांगडी या हातातून काढली, त्या हातात चढवली, आणि तो हात वर केला.